टगवाल्याचं बिल मकरपुऱ्यात कसं येतं

टगबोटी, टोइंग आणि संकटातली जहाजं वाचवायचा धंदा, एवढ्याच विषयावर आख्खं मासिक निघतं, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसकट, आणि लोक पैसे मोजून ते घेतात, असं बडोद्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो की त्यात प्रत्येक अंकात लिहितात तरी काय. प्रश्न बरोबरच आहे म्हणा, आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, टग नाहीत. पण मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, ऑफिसात असले अंक येऊन पडतात, आणि डबा खाताना चाळता चाळता लक्षात आलं की सगळा मामला दोनच गोष्टींवर चालतो, टोवेज म्हणजे ठरलेल्या पैशात जहाज ओढणं, आणि सॅल्व्हेज म्हणजे संकटातलं जहाज वाचवणं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, छोटी बोट मोठ्या जहाजाला दोर लावून ओढतेय. पैशाच्या हिशोबात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तो हिशोब कधीकधी समुद्र न बघितलेल्या माणसाच्या टेबलावर येऊन पडतो, म्हणून हा लेख.

आधी टग लागतोच कशाला ते बघू. जहाजाला ब्रेक नसतात. सुकाणू म्हणजे पाठीमागं पाण्यात उभी असलेली एक मोठी पाटी, तिच्यावरून पाणी जोरात वाहिलं तरच ती जहाज वळवते. बंदरात शिरताना वेग कमी केला की पाणी तेवढं वाहत नाही, सुकाणू नुसतं नावाला उरतं, आणि नेमकं त्याच वेळी एवढं मोठं धूड धक्क्याला अलगद टेकवायचं असतं. त्यात वारा. तीनशे मीटर लांब आणि पाण्यावर चाळीस मीटर उंच असं भरलेलं कंटेनर जहाज धरा, म्हणजे बाजू झाली बारा हजार चौरस मीटर, तिच्यावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा आडवा लागला तर साधारण सत्तर टनांचा जोर येतो, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट. शाळेतल्या फिजिक्सचंच गणित आहे, कागदावर करून बघा. म्हणजे एक चांगला दणकट टग नुसता वाऱ्याला तोंड देण्यातच संपला, जहाज हलवायला दुसरे पाहिजेतच.

मासिकात नवीन टगची बातमी असली की एक ओळ हमखास असते, लांबी ३२ मीटर, एएसडी, बोलार्ड पुल ८० टन. ही ओळ वाचता आली की निम्मं मासिक वाचता आलं. बोलार्ड म्हणजे धक्क्यावरचा जाड लोखंडी खुंट ज्याला जहाजाचे दोर बांधतात. टगला लांब दोरानं त्या खुंटाला बांधायचं, मधे जोर मोजायचं यंत्र लावायचं आणि इंजिन पूर्ण ताकदीनं सोडायचं, टग तसूभर पुढं जात नाही, पाणी नुसतं उकळतं, आणि यंत्र जो आकडा दाखवतं तो बोलार्ड पुल. इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर लोक उगाच भाळतात, ५,००० हॉर्सपॉवर ऐकायला भारी वाटतं पण दोराच्या टोकाला त्यातून साठ-पासष्ट टनच मिळतात, आणि कॅप्टनला मतलब दोराच्या टोकाशी असतो. बंदरातले टग साधारण पन्नास ते ऐंशी टनांचे. २०२१ साली सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज अडकलं तेव्हा शेवटी शेवटी एएलपी गार्ड नावाचा डच टग बोलावला होता, त्याचा पुल २८५ टन, आणि तेवढ्यानंही काम झालं असतं असं नाही, तीस हजार घनमीटरच्या आसपास वाळू-गाळ उपसला होता आणि पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची वाट बघितली होती. ती पौर्णिमा म्हणजे आपली होळी, २८ मार्च. २९ ला, धुळवडीला, जहाज निघालं. त्यावर खलाशी सगळे भारतीय होते, पंचवीस जण, त्यांची कसली धुळवड झाली असेल देव जाणे.

एएसडी म्हणजे पंखे टगच्या मागच्या बाजूला खाली, आणि ते नुसते गरगर फिरत नाहीत तर आख्खा पंखा त्याच्या नळीसकट ३६० अंशांत कुठल्याही दिशेला वळतो, त्यामुळं वेगळं सुकाणू लागतच नाही, टग पुढं-मागं-आडवा कसाही सरकतो. दुसरा प्रकार फॉइट श्नायडर, जर्मन कंपनीचा, १९२० च्या दशकातला. त्यात टगच्या पोटाखाली एक गोल चकती फिरते आणि तिच्या कडेला उभी पाती खाली लोंबतात. हे समजायला बडोदेकरांना सोपं आहे, गरब्याचं रिंगण डोळ्यासमोर आणा, सगळे गोल फिरतात आणि फिरता फिरता प्रत्येक जण ठरलेल्या जागी स्वतःभोवतीही वळतो. पात्यानं कुठल्या जागी किती वळायचं ते बदललं की जोराची दिशा बदलते, इंजिनाची गती तीच ठेवून.

आता टगवरच्या माणसांना खरी भीती कशाची असते ते सांगतो, कारण अपघाताच्या पानांवर ते परत परत येतं. त्याला गर्टिंग म्हणतात. दोर टगच्या मधल्या भागातून निघत असेल आणि जहाज जरा जास्त वेगानं पुढं निघून गेलं तर दोर टगच्या बाजूला आडवा ताणला जातो, टग जहाजाला ओढायच्या ऐवजी जहाजच टगला आडवं ओढायला लागतं, आणि आडवा ओढलेला टग कलंडायला काही सेकंद पुरतात. तेवढ्यात दोर सोडता आला पाहिजे, म्हणून हुकाला आणि विंचला, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्राला, झटक्यात सुटायची सोय ठेवलेली असते. १९ डिसेंबर २००७ ला स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीत फ्लाइंग फॅंटम नावाचा टग दाट धुक्यात असाच एका जहाजाला नेताना उलटला, त्यात तिघं गेले. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, कित्येकदा टग दिसतही नाही, तो पार खाली, नाकाशी असतो. आणि कागदावर बघाल तर त्या खेपेत तो फक्त एक टोइंगची एंट्री असतो.

बडोद्याला जवळचं म्हणाल तर दहेज, भरुचच्या पलीकडं, तिथं २००४ पासून एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, जहाजं येतात. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, भावनगरकडं पाण्याची पातळी दहा मीटरच्या आसपास वर-खाली होते, आणि एवढं पाणी आत येतं-जातं म्हणजे प्रवाहही तसाच तगडा. अलंगला याच भरतीचा फायदा घेऊन भंगारातली जहाजं फुल स्पीडनं किनाऱ्यावर चढवतात. पण एलएनजी जहाज जेट्टीला लावायचं असेल तेव्हा हाच प्रवाह डोकेदुखी होतो आणि चार-चार टग लागतात. तिकडं कच्छच्या आखातात वाडिनारला टँकर समुद्रातच एका तरंगत्या बोयाला बांधून क्रूड म्हणजे कच्चं तेल उतरवतात, ते पाइपलाइननं आपल्या कोयलीच्या रिफायनरीपर्यंत येतं. ते उतरत असताना एक टग टँकरच्या मागं दोर बांधून तासन्‌तास हळूहळू उलटा ओढत राहतो, टँकरनं पुढं सरकून बोयाला धडकू नये म्हणून. अत्यंत कंटाळवाणं काम, फोटो कुणी काढत नाही, पण रिफायनरी त्याच्यावर चालते.

हे सगळं झालं टोवेज. यातला पैसा अगदी साधा असतो. बंदराचा दर छापलेला असतो, जहाज जेवढं मोठं तेवढा जास्त, आपल्या मोठ्या सरकारी बंदरांत तर पायलटच्या, म्हणजे जहाज बंदरात आणणाऱ्या वाटाड्याच्या, फीमध्येच टग धरलेले असतात. लांबचा टो असेल, म्हणजे समजा बंद पडलेलं जहाज कोलंबोहून अलंगला न्यायचंय, तर टॉवकॉन नावाचा तयार करारनामा भरतात, उचल रक्कम ठरते, किंवा टॉवहायर, त्यात रोजचं भाडं. काम करा पैसे घ्या, एवढंच.

सॅल्व्हेज याच्या बरोबर उलटं. तिथं तीन गोष्टी लागतात. जहाज खरोखर धोक्यात असलं पाहिजे, वाचवणाऱ्यावर आधीपासून करारानं ते काम बंधनकारक नसलं पाहिजे, आणि शेवटी काहीतरी वाचलं पाहिजे. मग वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीतून बक्षीस मिळतं, भाडं नाही, बक्षीस. सगळ्यात प्रसिद्ध कागद म्हणजे लॉइड्स ओपन फॉर्म, शंभराहून जास्त वर्षं वापरात, त्याच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं 'नो क्युअर नो पे', वाचलं तर पैसे, नाही तर स्वतःचं डिझेल जाळून घरी जा. आणि गंमत अशी की त्या फॉर्मवर बहुतेक वेळा रक्कम लिहिलेलीच नसते, ती नंतर लंडनला लवाद ठरवतो. बाहेरून हे विचित्र वाटतं पण विचार करा, जहाज खडकाकडं वाहत चाललंय आणि कॅप्टन रेडिओवर भाव करतोय, अशा वेळी अडला हरी, समोरचा म्हणेल ती रक्कम कबूल करेल किंवा घासाघिशीत वेळ घालवेल. म्हणून आधी वाचवा, आकडा मागून.

ही घासाघीस कशी असते ते १६ मार्च १९७८ ला फ्रान्सच्या ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ दिसलं. अमोको काडिझ नावाच्या टँकरचं सुकाणू सकाळी बिघडलं. पॅसिफिक नावाचा जर्मन टग मदतीला आला, आणि वाद कशावरून, तर टँकरचा कॅप्टन म्हणतो टोइंगचा दर सांग, टगवाला म्हणतो ओपन फॉर्मवरच काम करीन, टँकरच्या मालकाचं ऑफिस शिकागोला. म्हणजे या लेखाचा सगळा विषय त्या दुपारी समुद्रात रेडिओवर चालू होता. टगनं मधेच दोर लावून ओढायला सुरुवात केली होती हेही खरं, त्यामुळं नुसत्या वादानं जहाज गेलं असं म्हणणं टगवर अन्याय होईल, पण दोर तुटला, वादळ वाढलं, रात्री टँकर खडकांवर गेला आणि सुमारे २ लाख २० हजार टन क्रूड समुद्रात.

त्यानंतर एक जुनी अडचण सगळ्यांच्या डोळ्यावर आली. तेलानं भरलेला, मोडका, भंगाराच्या किमतीचा टँकर वाचवायला कुणी का जाईल? वाचलं काहीच नाही तर बक्षीस शून्य, आणि वाचलेली मालमत्ता कवडीमोलाची असेल तरी बक्षीस तेवढंच, कारण वाचलेल्या किमतीपेक्षा जास्त बक्षीस देताच येत नाही. म्हणून १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात दोन कलमं आली. तेराव्या कलमात बक्षीस ठरवताना काय काय बघायचं त्याची यादी आहे, धोका केवढा होता, कौशल्य किती लागलं, वेळ आणि खर्च, माणसांनी घेतलेली जोखीम, आणि पर्यावरण वाचवायला काय केलं तेही. चौदाव्यात म्हटलंय की पर्यावरणाला धोका असलेल्या जहाजावर मेहनत घेतली तर जहाज हातचं गेलं तरी निदान खर्च मिळेल. भारतही या करारात आहे. पण वकील मंडळी कुठं ऐकतात, नागासाकी स्पिरिट या जहाजाचा खटला १९९७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि तिथं ठरलं की त्या खर्चात नफा धरायचा नाही. नफाच नाही तर महागडे टग वर्षभर तयार ठेवून कोण बसणार. मग १९९९ ला जहाजमालकांचे विमा क्लब आणि सॅल्व्हर, म्हणजे जहाजं वाचवणाऱ्या कंपन्या, यांनी आपसात स्कोपिक नावाची पुरवणी काढली, टग-माणसं-पंप यांचे दर आधीच ठरलेले, त्यावर २५ टक्के बोनस. सॅल्व्हरनं ती लागू करायची घाई करू नये म्हणून पाचरही मारून ठेवलीय, नंतर नेहमीचं बक्षीस स्कोपिकपेक्षा जास्त निघालं तर फरकाच्या २५ टक्के कापतात. मला वाटतं या धंद्यातला सगळ्यात हुशारीनं लिहिलेला कागद हाच असावा, दोन्ही बाजूंचं नाक एकाच वेळी दाबलेलं.

माणसं वाचवायचं काय? तिथं हिशोब नाही. जीव वाचवणं हे कुठल्याही कॅप्टनचं कर्तव्य, आणि ज्याचा जीव वाचला त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. जून २०२५ मध्ये केरळपासून दूर समुद्रात वान हाय ५०३ या कंटेनर जहाजाला आग लागली तेव्हा २२ पैकी १८ जणांना वाचवलं, ते काम वेगळं. नंतर जळत्या, माणसं नसलेल्या जहाजावर नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून सॅल्व्हेजची माणसं उतरवली, पावसाळी समुद्रात, कशासाठी तर टगचा दोर जहाजाला अडकवायला, कारण जहाजावर दोर ओढून घ्यायला कुणीच उरलं नव्हतं आणि जहाज किनाऱ्याकडं येऊ द्यायचं नव्हतं. ते सॅल्व्हेज. एक दोर अडकवायचा, बस एवढंच, आणि त्यासाठी हेलिकॉप्टर.

आता कटकटीची जागा. टोइंग चालू असताना संकट आलं तर? २०११ च्या जूनमध्ये एमव्ही विस्डम नावाचं जहाज अलंगला भंगारात नेत होते, दोर तुटला आणि ते सरळ मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर येऊन बसलं, लोकांनी भेळ खात फोटो काढले. अशा वेळी टगवाला म्हणू शकतो का की आता हे सॅल्व्हेज झालं, मला बक्षीस द्या? नियम असा की आधीच्या करारात जे काम येतंच त्याचे वेगळे पैसे नाहीत, दोर तुटला तर परत लावणं, खराब हवेत थांबून राहणं, हे सगळं टोइंगमध्येच आलं. पण संकट असं असेल की करार करताना कुणाच्या डोक्यातही ते येऊ शकलं नसतं, आणि टगनं त्यासाठी वेगळी जोखीम घेतली असेल, आणि मुख्य म्हणजे संकट टगच्याच चुकीनं आलेलं नसेल, तर टोइंगचं सॅल्व्हेज होऊ शकतं. १८६१ च्या मिनेहाहा नावाच्या जहाजाच्या ब्रिटिश खटल्यापासून कोर्टं हीच कसोटी लावत आलीत. मासिकातल्या वकिली सदरात निम्मी भांडणं याच रेषेवरची असतात, कारण रेषेच्या अलीकडं ठरलेलं भाडं आणि पलीकडं जहाज-मालाच्या किमतीचा हिस्सा.

आणि इथं आपल्या बडोद्याचं मकरपुरा येतं. 'जहाज-मालाच्या किमतीचा' असं म्हटलं, त्यातला माल कुणाचा? तुमचा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणारे एक ओळखीचे काका आहेत, त्यांचा माल दशरथच्या आयसीडीतून, म्हणजे कंटेनर डेपोतून, निघाला, पुढं ज्या जहाजात चढला त्याला वाटेत आग लागली, काकांचा कंटेनर धड होता, त्याला धग पण लागली नव्हती, आणि तरी पत्र आलं की आधी बॉण्ड भरा, म्हणजे आपला हिस्सा देऊ असं लिहून द्या, हमी द्या, मग कंटेनर सोडू. काका पत्र हातात घेऊन मला म्हणाले, "अरे भाऊ, माझं काही जळलंच नाही तर मी कशाचे पैसे भरू?" तेच तर. जळलं नाही म्हणूनच भरायचे. जहाज, माल सगळं एकाच संकटात होतं, सगळ्यांना वाचवायला जो खर्च झाला किंवा मुद्दाम जे नुकसान केलं, उदाहरणार्थ आग विझवायला पाणी मारून कुणाचा तरी माल भिजवला, ते ज्याचं ज्याचं वाचलं त्यानं आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात, भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांची फार जुनी रीत, आज यॉर्क-अँटवर्प नियमांनी चालते, आणि तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीच्या, मागं बारीक अक्षरात छापलेली असते. सॅल्व्हरच्या बक्षिसासाठीची हमी त्याहून वेगळी.

आकडा किती जाऊ शकतो? ६ मार्च २०१८ ला अरबी समुद्रात मर्स्क होनाम या कंटेनर जहाजाला आग लागली, पाच खलाशी गेले, पुढचा भाग जळून खाक. ज्यांचे कंटेनर वाचले त्यांच्याकडून मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के सॅल्व्हेजची हमी आणि ११.५ टक्के जनरल ॲव्हरेजची, अशी मागितली गेली. म्हणजे दहा लाखांचा माल असेल तर ५ लाख ४० हजारांची हमी दिल्याशिवाय तो हातात नाही. ही हमी आहे, शेवटचा हिशोब नाही, तो कमी निघू शकतो, पण त्या दिवशी तरी तेवढी सोय करावीच लागते.

मरीन कार्गो विमा असेल तर हे सगळं विमा कंपनीच्या गळ्यात जातं, कंपनी हमीपत्र देते, तुम्ही फक्त बॉण्डवर सही करून इनव्हॉइसची प्रत जोडायची. ऑल रिस्कवाल्या पॉलिसीतच नाही तर सगळ्यात स्वस्त इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज सी मध्येसुद्धा जनरल ॲव्हरेज आणि सॅल्व्हेज धरलेलं असतं, त्यामुळं 'आपला माल लोखंडाचा, त्याला काय होतंय' म्हणून विमा वाचवणाऱ्यांनी नीट विचार करावा. एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढवून देईपर्यंतच आपली जबाबदारी या अटीवर, विकलेला माल असेल तर समुद्रातली जोखीम बहुतेक वेळा घेणाऱ्याची, पण पैसे अजून आले नसतील आणि परदेशातला गिऱ्हाईक हमी भरायला तयार नसेल तर कंटेनर तिकडच्या बंदरात पडून राहतो, भाडं चढत राहतं आणि शेवटी फोन तुम्हालाच येतो. विमा नसेल तर रोख डिपॉझिट भरावं लागतं. काकांचा विमा होता, सुटले. रोख भरलं असेल तर डिपॉझिटच्या पावतीची मूळ प्रत फाइलला लावून ठेवा, ॲडजस्टरचा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते काढणाऱ्याचा, हिशोब पुरा व्हायला काही वर्षं जातात आणि उरलेले पैसे त्या मूळ पावतीवरच परत मिळतात, झेरॉक्सवर नाही.